सर्व्हरवर कोणती सिस्टीम, हे टेंडरच्या एका ओळीत का उरकतं?

मंडळी, पोस्ट मोठी आहे आणि विषय जरा रुक्ष आहे. पण पैसा आपल्या घरपट्टीतला आहे, म्हणून वेळ काढून वाचा.

कुपवाडात कुणालाही ड्रेनेजवर बोलायला सांगा, अर्धा तास बोलेल. रस्त्यावर किती इंचाचा थर पडला, खडी कुठली, ठेकेदार कुणाचा माणूस, हे चहाच्या गाड्यावर सगळ्यांना पाठ असतं. पण टेंडरमध्ये 'सर्व्हर एक नग, ऑपरेटिंग सिस्टीमसह' अशी ओळ आली की सगळे गप्प. कुठली ऑपरेटिंग सिस्टीम? किती वर्षं चालणार? संपली की पुढचं कोण करणार? नगरसेवक विचारत नाही, पतसंस्थेचा संचालक विचारत नाही, शाळेचा ट्रस्टी तर नाहीच नाही. सर्व्हर म्हणजे कॉम्प्युटरवाल्याचा विषय, असं म्हणून सही होते.

एमआयडीसीतल्या माणसाला हे लगेच कळेल. सीएनसी मशीन घेताना आपण आधी काय बघतो? कंट्रोलर कुठला आहे. फानुक की सिमेन्स की आणखी काही. कारण पुढची दहा-पंधरा वर्षं ऑपरेटर कोण मिळणार, सर्व्हिस इंजिनिअर किती तासांत येणार, कार्ड उडालं तर मिळणार का, सगळं त्यावर ठरतं. लोखंड सगळ्यांचं लोखंडच असतं. सर्व्हरचंही तसंच आहे. डबा कुठल्याही कंपनीचा असू दे, आत कुठली सिस्टीम घातली यावर पुढचा सगळा खर्च आणि मनस्ताप ठरतो. हाच कारखानदार स्वतःच्या ऑफिसातल्या सर्व्हरबद्दल मात्र विचारतो, "कितीला पडेल?" बस्स.

या विषयावर वाद झालाच तर तो 'लिनक्स फुकट, विंडोज विकत' एवढ्यावर होतो आणि तिथेच संपतो. माझं म्हणणं असं की किंमत हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न तारखेचा. प्रत्येक सिस्टीमला शेवटची तारीख असते. त्या तारखेनंतर बनवणारा सुरक्षेच्या दुरुस्त्या देणं थांबवतो. ती तारीख माहीत नसताना सिस्टीम निवडणं म्हणजे एक्सपायरी न बघता औषध घेणं.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण सेंटओएस. रेड हॅट नावाची कंपनी आपली एंटरप्राइझ लिनक्स सपोर्टसह विकते. तिच्याच खुल्या सोर्सवरून बांधलेली फुकटची जुळी बहीण म्हणजे सेंटओएस. होस्टिंगवाले, कॉलेजं, छोट्या कंपन्या सगळे तिच्यावर फिदा होते. सेंटओएस ८ आली सप्टेंबर २०१९ मध्ये. २०२९ पर्यंत सांभाळू असं सांगितलं होतं. आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ३१ डिसेंबर २०२१ ला खेळ खलास. दहा वर्षांचा शब्द सव्वादोन वर्षांत संपला. गंमत पुढेच आहे. जुनी सेंटओएस ७ मात्र ठरल्याप्रमाणे ३० जून २०२४ पर्यंत चालली. म्हणजे हौसेनं नवीन घेणारा अडकला आणि जुन्यावर बसून राहिलेला अडीच वर्षं जास्त निवांत झोपला.

मग धावपळ झाली. मार्च २०२१ मध्ये अल्मालिनक्स आली, जूनमध्ये रॉकी लिनक्स आली. दोन्ही चांगल्या आहेत, आजही अनेक ठिकाणी चालतात. पण २०२३ च्या जूनमध्ये रेड हॅटनं आपला सोर्स पूर्वीसारखा सगळ्यांसाठी खुला ठेवणं बंद केलं आणि या दोघींनाही आपली वाट नव्यानं आखावी लागली. रेड हॅटला मी दोष देत नाही. कंपनी आहे, तिनं तिचं बघितलं. पण आपण निवड करताना एवढं तरी बघावं की शब्द देणारा कोण आहे आणि तो शब्द फिरवायचा अधिकार किती लोकांच्या हातात आहे.

डेबियन मला बरी वाटते ती यासाठी. १९९३ पासून चालू आहे. मालक कंपनी नाही. जगभरातले स्वयंसेवक चालवतात, त्यांची स्वतःची लिखित घटना आहे, दरवर्षी ते मतदान करून प्रमुख निवडतात. (आपल्याकडच्या काही सहकारी संस्थांपेक्षा निवडणुका वेळेवर होतात, असं म्हणायचा मोह आवरतो.) प्रत्येक आवृत्तीला तीन वर्षं पूर्ण सांभाळ, पुढची दोन वर्षं लांबणीचा सांभाळ, असा साधारण पाच वर्षांचा हिशोब. जून २०२३ ला आलेली १२ नंबरची डेबियन २०२८ च्या जूनपर्यंत जाते. उबुंटू हीच डेबियन घेऊन कॅनॉनिकल कंपनीनं बांधलेली. तिची दर दोन वर्षांनी येणारी एलटीएस आवृत्ती पाच वर्षं चालते, पैसे भरले तर आणखी पुढे. उबुंटू २०.०४ ची पाच वर्षं २०२५ च्या मे महिन्यात संपली. २४.०४ ची २०२९ मध्ये संपतील. सी-डॅकनं केलेली आपली 'बॉस' तीसुद्धा डेबियनवरच बेतलेली आहे.

आता मुदत संपली की काय होतं? सर्व्हर बंद पडत नाही, आणि खरा घोळ इथेच आहे. विमा संपलेली गाडी रस्त्यावर पळतच असते, पेट्रोल तेवढंच खाते, कुणाला काही कळत नाही. कळतं ते ठोकर बसल्यावर.

ठोकर कशी बसते ते महाराष्ट्रानं बघितलंय. जून २०१७. उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात एका टर्मिनलचं काम ठप्प झालं. ते टर्मिनल मेर्स्क समूहाकडे होतं आणि समूहाच्या जगभरच्या संगणकांत नॉटपेट्या नावाचा व्हायरस शिरला होता. विंडोजमधल्या ज्या भोकातून तो पसरला, त्याचा पॅच मायक्रोसॉफ्टनं त्याच वर्षी मार्चमध्ये दिलेला होता. आता सगळा दोष न टाकलेल्या पॅचवर ढकलणं बरोबर नाही, कारण हा व्हायरस पासवर्ड चोरून पॅच टाकलेल्या यंत्रांतही घुसत होता. पण एका ढिल्या यंत्रातून तो आत आला की बाकीच्यांची तटबंदी कामाची राहत नाही, हे खरं. मेर्स्कला सुमारे ४ हजार सर्व्हर आणि ४५ हजार संगणक पुन्हा उभे करावे लागले. त्यातली एक गोष्ट मी सगळ्यांना सांगतो. कंपनीच्या सगळ्या वापरकर्त्यांची यादी ठेवणारे सर्व्हर जगभरात एकदमच गेले. एक तेवढा वाचला, आफ्रिकेतल्या घाना देशातला. का? तिथे त्या वेळी लाईट गेली होती! लोडशेडिंगचा जगात झालेला हा बहुधा एकमेव फायदा.

लिनक्सभक्तांनी लगेच खूश होऊ नये. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड नावाच्या, जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी दोन वर्षं साळसूदपणे काम करून चोरदरवाजा बसवल्याचं उघड झालं. सापडला कसा? एका इंजिनिअरला सर्व्हरवर लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय अशी शंका आली, म्हणून. डेबियनच्या चाचणीतल्या आवृत्त्यांपर्यंत तो पोचला होता, स्टेबल आवृत्तीपर्यंत पोचला नव्हता. म्हणून सर्व्हरवर 'नवीनातली नवीन' आवृत्ती टाकायची हौस नको. थोडं शिळं, पण तपासलेलं चालवावं.

विंडोज घ्यायचीच नाही का? घ्यावी, जिथे गरज आहे तिथे. कुपवाड एमआयडीसीत टॅलीशिवाय पान हलत नाही आणि टॅली विंडोजवर चालते. तिथे लिनक्सचा आग्रह धरणारा माणूस अकाउंटंटच्या शिव्या खाणार. विंडोज सर्व्हर मोठा भार पेलत नाही हेही खोटं. जगातले प्रोग्रामर जिथे आपले प्रश्न सोडवतात ते स्टॅक ओव्हरफ्लो अनेक वर्षं मोजक्या विंडोज सर्व्हरवरच चाललं. पण विंडोजचा हिशोब नीट समजून घ्या. लायसन्स आता प्रोसेसरच्या कोअरवर असतं आणि एका सर्व्हरला किमान १६ कोअरचं घ्यावंच लागतं, तुमच्या डब्यात आठच असले तरी. त्याशिवाय ऑफिसातल्या प्रत्येक माणसासाठी किंवा प्रत्येक संगणकासाठी वेगळं ॲक्सेस लायसन्स. कोटेशनमध्ये पहिली रक्कम दिसते, दुसरी नंतर उगवते. आणि तारखा इथेही आहेतच. विंडोज सर्व्हर २०१२ ची १० ऑक्टोबर २०२३ ला गेली, २०१६ ची १२ जानेवारी २०२७, २०१९ ची जानेवारी २०२९.

म्हणून माझा सरळ कौल असा. हिशोबाचा, ऑफिसातल्या ऑफिसात चालणारा सर्व्हर विंडोज असेल तर असू दे, पण त्याची तोंडओळख इंटरनेटला होऊ देऊ नका. लोकांसाठी उघडा असणारा, दाखले, बिलं, तक्रारी घेणारा सर्व्हर डेबियन स्टेबल किंवा उबुंटू एलटीएसवर ठेवा. दोन्ही एकाच डब्यात कोंबून पैसे वाचवणारे मी बघितलेत. तसं वाचवू नका.

इथे हमखास येणारा प्रश्न: "लिनक्स जाणणारा माणूस सांगलीत मिळतो का?" विश्रामबागला वालचंद कॉलेज आहे. तिथल्या विद्यार्थ्यांचा लिनक्स युजर्स ग्रुप आहे, पोरं हौसेनं शिकतात आणि शिकवतातही. मग ती पोरं पुण्याला नाहीतर बेंगळुरूला जातात, कारण इथे त्यांना लिनक्सचं काम देणारं कोण आहे? काम नाही म्हणून माणूस नाही, माणूस नाही म्हणून काम नाही. हे चक्र सार्वजनिक संस्थाच तोडू शकतात. केरळनं तोडलं. तिथल्या सरकारी शाळांतले संगणक अनेक वर्षं उबुंटूवर बेतलेल्या त्यांच्या स्वतःच्या लिनक्सवर चालतात आणि शिक्षकच ते सांभाळायला शिकले.

आणि यासाठी नवीन कायदा करायची गरज नाही. मार्च २०१५ मध्येच केंद्र सरकारनं ओपन सोर्सचं धोरण जाहीर केलंय. ई-गव्हर्नन्सचं टेंडर काढताना ओपन सोर्सला प्राधान्य द्या, पुरवठादाराला ते नको असेल तर कारण लेखी घ्या, असं त्यात आहे. ज्या राज्यांना हवं त्यांना ते स्वीकारता येतं. त्या धोरणातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे लेखी कारण. 'आमच्या व्हेंडरला हेच येतं' हे कारण कागदावर लिहायला लागलं की हात जरा अडखळतो.

एक मुद्दा आपल्या गावाचा. ऑगस्ट २०१९ ला आयर्विन पुलाखाली कृष्णा ५७ फुटांवर गेली. इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५, हे इथे पोराटोरांनाही माहीत आहे. कुपवाड उंचावर, पण काम सगळं सांगलीशी बांधलेलं. पाण्यात गेलेल्या सर्व्हरवर कुठली सिस्टीम होती याला काही अर्थ उरत नाही. त्यानंतर मात्र उरतो. बॅकअप मिरजेत किंवा पुण्यात सुरक्षित असेल, तर डेबियन मिळेल त्या संगणकावर तासाभरात चढते, लायसन्सची की शोधावी लागत नाही, बिल कुठल्या कपाटात होतं हे आठवावं लागत नाही. विंडोजवाल्यांनाही १८० दिवसांची चाचणी आवृत्ती घेऊन गाडी चालू करता येते, पण हे करायचं असतं हे त्या दिवशी कुणाला तरी माहीत पाहिजे. आणि दोन्हींकडे बॅकअप एकदा तरी परत चढवून बघितलेला पाहिजे. न तपासलेला बॅकअप म्हणजे भरलाय असं समजून ठेवलेला गॅस सिलिंडर.

आता माहितीच्या अधिकारात काय विचारायचं? बरेच जण उत्साहात 'कुठल्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती चालू आहे' असं विचारतील. ते विचारू नका. चालू सर्व्हरची आवृत्ती जाहीर करणं म्हणजे चोराला कुलपाचा नंबर देणं. ती द्यायला नकार मिळाला तर तो मी योग्यच समजेन. विचारायचं ते असं: करारात ऑपरेटिंग सिस्टीमच्या मुदतीचा उल्लेख आहे का, मुदत संपण्याआधी नवीन आवृत्तीवर नेण्याची जबाबदारी कुणाची, त्याचे पैसे करारात धरलेत की वेगळे, आणि पॅच दर किती दिवसांनी टाकायचे असं लिहिलंय. सीईआरटी-इननं एप्रिल २०२२ मध्ये लॉग १८० दिवस जपून ठेवण्याचा आणि हल्ला झाला तर सहा तासांत कळवण्याचा आदेश दिलाय, त्याचं कलम करारात आहे का, हेही विचारा.

पुष्कळदा अर्जाचीही गरज लागत नाही. टेंडरची कागदपत्रं महाटेंडर्सवर असतात. उघडा आणि 'सपोर्ट' हा शब्द शोधा. तीन किंवा पाच वर्षांची वॉरंटी सापडेल. नीट वाचा, ती बहुतेक वेळा डब्याची असते.