जुन्या पत्त्यांचा मोह

चाकण-महाळुंगे परिसरात एकाच गट नंबरावर अनेक कारखान्यांच्या पाट्या लटकलेल्या दिसतात आणि लखोटा घेऊन आलेल्या टपालवाल्याला अखेरीस दरवानाच्या मध्यस्थीवर विसंबावे लागते. इंटरनेटच्या जुन्या, ३२ बिटांच्या पत्तेपद्धतीची अवस्था नेमकी हीच झाली आहे. तिच्या सुमारे ४२९ कोटी पत्त्यांचा मध्यवर्ती साठा फेब्रुवारी २०११ मध्ये संपला, आणि एका पत्त्याआड शेकडो यंत्रे दडवण्याची तात्पुरती तजवीज हाच कायमचा कारभार होऊन बसला. १२८ बिटांच्या नव्या पद्धतीचे, म्हणजे आयपीव्ही-६ चे, प्रमाण १९९८ साली प्रसिद्ध झाले; आपल्या दूरसंचार विभागाने तिचा आराखडा २०१० सालीच काढला. जिओने २०१६ मध्ये ती आरंभापासून स्वीकारल्यामुळे भोसरीतल्या कामगाराच्या खिशातला फोन बहुधा नव्या पत्त्यावरून बोलतो, परंतु तो ज्या यंत्रापुढे पाळीभर उभा राहतो ते बहुधा जुन्यालाच चिकटलेले असते. हा निव्वळ आळस नव्हे; चालत्या यंत्राला हात लावून उत्पादन खोळंबवण्याची जोखीम कोणता व्यवस्थापक पत्करील? (मीही पत्करली नसती.) तथापि नव्या खरेदीला ही सबब लागू नाही. महानगरपालिकेने व एमआयडीसीने पुढल्या निविदेपासून तरी आयपीव्ही-६ ची अट सक्तीची करावी.