चिमणीची तपासणी कुणाच्या सोयीची?

उसाच्या पानावर धुराचा विषय कशाला, असे काहींना वाटेल. पण पिरंगुट-उरवडे भागात कारखानदारी वाढली आहे, आणि अशा कारखान्यांचा घातक कचरा कुठेतरी जाळावा लागतोच. आपल्या जिल्ह्यात त्यासाठी शिरूर तालुक्यात रांजणगावला सामाईक व्यवस्था आहे. "जाळूच नका" म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. न जाळलेले पिंप गंजते आणि पावसाळ्यात ओढ्याला लागते.

भोपाळचेच पाहा. तिथला विषारी कचरा चाळीस वर्षे पडून होता. २०११ साली तो नागपूरकडे आणायचे घाटत होते, तेव्हा महाराष्ट्राने विरोध केला. शेवटी जानेवारी २०२५ मध्ये ३३७ टन कचरा मध्य प्रदेशातच पिथमपूरला नेला. लोक रस्त्यावर उतरले. मग दहा-दहा टनांच्या तीन चाचण्या झाल्या, तासाला १३५, १८० आणि २७० किलो अशा वेगाने, आणि उरलेला कचरा जूनअखेर जाळून संपला. लोक गप्प बसले असते तर एवढी तपासणी झाली असती, असे आम्हाला वाटत नाही.

खरी भीती डायॉक्सिनची. क्लोरीन असलेला कचरा अर्धवट जळला, किंवा धूर सावकाश निवला, की हे विष तयार होते. म्हणून भट्टीच्या दुसऱ्या कक्षात ११०० अंश उष्णता, धूर तिथे किमान दोन सेकंद, आणि मग झटक्यात थंड, असा नियम आहे. मर्यादा घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग! ते ना डोळ्याला दिसते, ना नाकाला कळते. चिमणीवरचे कायमचे यंत्र धूळ, गंधकाचा वायू दाखवील. डायॉक्सिनसाठी कित्येक तास धूर ओढून नमुना मोठ्या प्रयोगशाळेत धाडावा लागतो. खर्चिक काम, म्हणून क्वचितच होते.

आणि तेही तारीख कळवून झाले, तर त्या दिवशी भट्टीत चांगलाच माल पडणार. प्लॉटातला एक ठसठशीत ऊस मोडून ब्रिक्स काढला आणि तोच साऱ्या गटाचा उतारा धरला, तर तुम्ही शेतकी खात्यात येऊन केवढा गोंधळ घालाल!

शिवाय नुसती चिमणी तपासून भागत नाही. हॉलंडमध्ये रॉटरडॅमजवळ १९८९ साली कचरा-भट्टीच्या परिसरातल्या गायींच्या दुधात डायॉक्सिन सापडले आणि ते दूध विकायला बंदी आली. धूर गवतावर बसतो, गवत गायीच्या पोटात जाते आणि विष दुधाच्या स्निग्धांशात साठते. आपल्याकडे वाढे खाणारी जनावरे घरोघरी आहेत.

म्हणून भट्टी कुठलीही असो, तिच्या आसपासच्या माती, चारा आणि दुधाचे नमुने ती पेटण्याआधी आणि नंतर दरवर्षी घ्यावेत, चिमणीचा नमुना न कळवता घ्यावा, आणि अहवाल मराठीत ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावा. खर्च भट्टीवाल्याचा.

जाता जाता : बांधावर पाचटाबरोबर पीव्हीसी पाइपचे तुकडे पेटवणारे काही सभासद आहेत. तिथे ना ११०० अंश, ना चिमणी. ते तुकडे भंगारवाल्याला द्या, चार पैसे तरी येतील.