पाटी मराठीत, मग कागद का नाही?



चिमूरच्या जंगलपट्टीतून पोटासाठी नागपूर गाठणाऱ्याला एके काळी एम्प्रेस मिलचे नाव ठाऊक नसेल, असे होत नसे. १ जानेवारी १८७७ ला व्हिक्टोरिया राणी हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून जाहीर झाली आणि त्याच दिवशी जमशेटजी टाटांची ही गिरणी सुरू झाली. म्हणून ते नाव. पण मालक कंपनीचे नाव काय? सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी! कामगाराच्या तोंडी एक नाव, सरकारदप्तरी दुसरेच.

हा शब्दांचा खेळ नव्हे. पगार थकला, ग्रॅच्युइटी अडली, तर दावा गिरणीच्या भोंग्यावर लावता येत नाही. तो कंपनीवर लावावा लागतो. तिचे खरे नाव ठाऊक नसेल तर अर्ज करायचा कुणावर?

कायदा याबाबत मुका नाही. १९५६ च्या कंपनी कायद्याच्या १४७ व्या कलमात होते, तेच २०१३ च्या कायद्याच्या १२ व्या कलमात आहे. जिथे जिथे धंदा चालतो तिथे बाहेर कंपनीचे नाव व नोंदणीकृत कचेरीचा पत्ता ठळक लावलाच पाहिजे, आणि तोही त्या मुलखात चालणाऱ्या लिपीत! पत्रे, बिले, नोटिसा यांवर नाव, पत्ता व एकवीस अक्षर-अंकांचा नोंदणी क्रमांक हवाच. दोन वर्षांत नाव बदलले असेल तर जुने नावही छापले पाहिजे. चुकले तर रोज १ हजार रुपये दंड, १ लाखापर्यंत.

महाराष्ट्राने २०२२ मध्ये दुकाने व आस्थापनांचा कायदा आणखी कडक केला. पाटीवरचे मराठी देवनागरी अक्षर इतर अक्षरांहून लहान चालणार नाही. व्यापारी सर्वोच्च न्यायालयात गेले. २०२३ च्या सप्टेंबरात न्यायालयाने त्यांना दोन महिन्यांत पाट्या लावा म्हणून बजावले.

पण मेख इथेच आहे. लिपीची ही सक्ती पाटीपुरती. कंपनी कायद्याच्या त्याच कलमात पत्राला नि नोटिशीला ती नाही. दारावर मराठी आणि हातात इंग्रजी कागद! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. पाटी गिऱ्हाईक वाचते, पण नोटिशीने कामगाराची चूल विझते. मग त्याला कळायला हवे ते कशात?

आमची मागणी सरळ आहे. जो नियम पाटीला, तोच कागदाला!

तोवर आपण काय करायचे? पगाराची पावती आणि कंपनीचे एखादे पत्र जपून ठेवा. त्यावरचे पूर्ण नाव, पत्ता, क्रमांक वहीत उतरवून घ्या. क्रमांकातल्या पहिल्या सहा खुणा सोडा. पुढची दोन अक्षरे राज्याची, त्यापुढचे चार आकडे कंपनी नोंदल्याच्या सालाचे. इंग्रजी येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या. कागदावर नावच नसेल तर युनियनला दाखवा.

ज्याच्यासाठी घाम गाळतो त्याचे नाव आपल्याला आपल्या अक्षरात वाचता आलेच पाहिजे!