रेघ बारीक होते तिथे

श्रीहरिकोट्याहून रात्री झालेल्या प्रक्षेपणाचे दुरून घेतलेले छायाचित्र हे बहुतेक वेळा एका रेघेचे छायाचित्र असते. प्रक्षेपक, मंच, मनोरे यांपैकी काहीच त्यात ओळखू येत नाही. क्षितिजावरून एक तेजस्वी रेघ निघते, चढत चढत वळते आणि फ्रेमच्या एका कडेला विरून जाते. अशी छायाचित्रे संपादकीय टेबलावर येतात तेव्हा त्यांतल्या अनेक रेघा बुडापासून टोकापर्यंत एकाच जाडीच्या आणि एकाच झळाळीच्या असतात, आणि तेवढ्यावरूनच चित्रावर संगणकात हात फिरलेला आहे हे ध्यानात येते. कारण भारतीय प्रक्षेपकांची खरी रेघ तशी असूच शकत नाही. ती कुठे जाड असते, कुठे एकाएकी बारीक होते आणि का होते, हे ठाऊक नसलेला छायाचित्रकार त्या बारीक भागाला आपल्या एक्स्पोजरची चूक समजतो आणि ती ‘सुधारतो’. प्रत्यक्षात दुरून घेतलेल्या चित्रात पाहण्याजोगी जी मोजकी माहिती उमटते, ती नेमकी तिथेच असते.

पीएसएलव्ही, म्हणजे ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपक, हा चार टप्प्यांचा आहे. पहिल्या आणि तिसऱ्या टप्प्यात घन इंधन जळते, तर दुसऱ्या आणि चौथ्या टप्प्यात द्रव. घन इंधनात अ‍ॅल्युमिनियमची पूड मिसळलेली असते आणि ती जळताना तयार होणारे ऑक्साइडचे तप्त कण झोतामध्ये पांढऱ्या-पिवळ्या तेजाने प्रकाशतात, म्हणून पहिला टप्पा डोळे दिपवतो. उड्डाणानंतर सुमारे ११० सेकंदांनी तो गळून पडतो आणि दुसऱ्या टप्प्याचे विकास इंजिन सुरू होते. त्यात हायड्राझीन वर्गातील इंधन नायट्रोजन टेट्रॉक्साइडबरोबर जळते, त्या ज्योतीत प्रकाशणारे घन कण जवळपास नसतातच, त्यामुळे जोर प्रचंड असूनही दुरून ती फिकी दिसते. रेघ बारीक होते ती इथे. एक्सएल प्रकारात, म्हणजे कडेला सहा जादा मोटारी बांधलेल्या रूपात, त्यांतल्या दोन मोटारी जमिनीवर न पेटवता सुमारे २५ सेकंदांनी हवेत पेटवल्या जातात, आणि मूळ नोंद जळालेली नसेल तर रेघेच्या खालच्या भागात तो फरकही शोधता येतो. जड उपग्रह नेणाऱ्या एलव्हीएम३ची मांडणी निराळी आहे: तो जमीन सोडतो तो केवळ कडेच्या दोन अजस्र घन मोटारींच्या बळावर, मधला द्रव टप्पा त्या विझण्याच्या थोडे आधी आकाशातच पेटतो, आणि शेवटच्या टप्प्यात द्रवरूप हायड्रोजन व ऑक्सिजन यांची अशी ज्योत असते की दूरच्या कॅमेऱ्याला ती नसल्यासारखीच. (जाता जाता: या घन मोटारींची कवचे बनवणाऱ्यांत इंदापूर तालुक्यातले वालचंदनगर आहे आणि विकास इंजिनांच्या घडणीत विक्रोळीच्या गोदरेजचा वाटा आहे. रेघेचा जाड भाग आणि बारीक भाग, दोन्हींशी महाराष्ट्राचा संबंध पोचतो तो असा.)

हे एकदा समजले की एक्स्पोजरचा विचार वेगळ्या वाटेने करावा लागतो. सरकत्या प्रकाशबिंदूची रेघ किती उजळ उमटेल हे शटर किती वेळ उघडे आहे यावर ठरत नाही, कारण संवेदकावरच्या प्रत्येक ठिकाणी तो बिंदू क्षणभरच असतो. ते ठरते अ‍ॅपर्चर, आयएसओ आणि बिंदूचा सरकण्याचा वेग यांवर. शटरचा वेळ ठरवतो तो आकाशाचा आणि पुढच्या देखाव्याचा उजेड. दिवाळीतल्या आतषबाजीची छायाचित्रे घेणाऱ्यांना हे सवयीने ठाऊक असते, तरीही प्रक्षेपणाच्या वेळी तेच लोक रेघ जळेल या भीतीने शटर लवकर मिटतात आणि रेघ अर्धवट तोडून घेतात. रेघ जळू नये म्हणून अ‍ॅपर्चर लहान करायचे असते. शटर बल्ब मोडवर, म्हणजे बटण सोडेपर्यंत उघडे राहील अशा रीतीने, तीन-चार मिनिटे उघडेच ठेवायचे असते.

अंतराचा हिशेबही अनेकांच्या अंदाजापेक्षा सौम्य आहे. अंतर दुप्पट झाले की पोचणारा प्रकाश चौथाईवर येतो, हा नियम खराच. पण त्याच वेळी प्रक्षेपकाचा फ्रेममधला भासमान वेग निम्मा होतो, बिंदू प्रत्येक जागी दुप्पट वेळ रेंगाळतो, आणि एकंदरीत रेघेची उजळी निम्म्यावर, म्हणजे केवळ एका स्टॉपने, उतरते. दमट किनारी हवेत शोषला जाणारा प्रकाश त्यावर थोडी अधिक कपात करतो, एवढेच. म्हणून आयएसओ १०० वर ३५ किलोमीटरवरून एफ/११ ते एफ/१६ आणि त्याच्या दुप्पट अंतरावरून एफ/८ ते एफ/११ ही सुरुवातीची मापे धरायला हरकत नाही. मात्र ती जाड भागाला बेतलेली मापे आहेत. बारीक भाग हवा असेल तर अ‍ॅपर्चर आणखी एक स्टॉप उघडून बुडाचा थोडा भाग जळू द्यावा, हे या मासिकाचे मत. बुडाशी प्रक्षेपक मंद गतीने चढत असल्यामुळे तिथली रेघ तशीही जाडच उमटते, आणि धुराच्या उजळलेल्या ढगाचा तपशील दुरून मिळण्याजोगा नसतो.

दुरून म्हणजे नेमके कुठून, हा प्रश्न प्रक्षेपणाच्या दिशेशी बांधलेला आहे. पुलिकत सरोवराच्या दक्षिण टोकाचे पुलिकत गाव, ज्याला तमिळमध्ये पळवेरकाडू म्हणतात, हे प्रक्षेपणमंचापासून सुमारे ३५ किलोमीटरवर, तर चेन्नईचा मरीना किनारा सुमारे ७५ किलोमीटरवर आहे. ही दोन्ही ठिकाणे मंचाच्या दक्षिणेला येतात. ध्रुवीय कक्षेकडे जाणारे यान श्रीलंकेवरून जाऊ नये म्हणून ते आधी बंगालच्या उपसागरावर आग्नेयेकडे जाते आणि पुढे दक्षिणेकडे वळते. त्यामुळे चेन्नईकराला रेघ उत्तरेकडून उगवून उजवीकडे, ईशान्येच्या अंगाने आणि आपल्याच दिशेने चढत येताना दिसते. भूस्थिर कक्षेच्या वाटेवरची याने पूर्वेकडे अधिक कलतात आणि लवकर दूर जातात. पहिल्या प्रकारासाठी फुल फ्रेम कॅमेऱ्यावर २४ मिलिमीटरची लेन्स उभी धरली तर साधारण ७४ अंश उंची आणि ५३ अंश रुंदी फ्रेममध्ये मावते. ती चेन्नईहून जेमतेम पुरते, पुलिकतहून कमी पडते. टेलिफोटोचा मोह दूरच्या छायाचित्रकाराने सोडलेला बरा.

७५ किलोमीटरवर पृथ्वीची वक्रताही मध्ये येते. किनाऱ्यावर उभ्या असलेल्या माणसाला मंचावरचा सुमारे साडेतीनशे ते चारशे मीटरचा भाग क्षितिजाआड असतो, तर ६० मीटर उंचीच्या गच्चीवरून तो पावणेदोनशे मीटरच्या आसपास उरतो. वातावरणातल्या अपवर्तनाने, म्हणजे प्रकाश किंचित वाकण्याने, त्यात थोडी घट होते. आधी क्षितिजापाशी नारिंगी उजेड पसरतो आणि मग काही सेकंदांनी बिंदू वर येतो, तो याचमुळे. इंटरनेटवरील थेट प्रसारणाकडे पाहत शटर उघडणाऱ्यांची इथे फसगत होते, कारण ते चित्र प्रत्यक्ष घटनेपेक्षा मागे असते आणि पडद्यावर उलटी गणती चालू असतानाच आकाशात प्रक्षेपक उगवलेला असू शकतो. घड्याळ जुळवून ठेवावे आणि ठरल्या वेळेच्या काही सेकंद आधीच शटर उघडावे.

ठरलेली वेळही अखेरपर्यंत ठरलेली नसते. स्पेडेक्स या अंतराळातल्या जोडणीच्या प्रयोगाचे दोन उपग्रह नेणारे पीएसएलव्ही-सी६० हे ३० डिसेंबर २०२४ रोजी रात्री ९ वाजून ५८ मिनिटांनी सुटायचे होते, ते १० वाजता सुटले. कक्षेतल्या इतर वस्तूंशी जवळीक टाळण्यासाठी उड्डाण दोन मिनिटे पुढे ढकलण्यात आले. आधीच्या वेळेला लावून ठेवलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्याचे चार मिनिटांचे शटर निम्मे रिकाम्या आकाशावर खर्च झाले असते आणि रेघेची पुढची बाजू तुटली असती. विलंब तासांचाही असू शकतो. अपोलो १७ चे उड्डाण, जे अमेरिकेचे पहिले रात्रीचे समानव उड्डाण होते, ते ७ डिसेंबर १९७२ रोजी स्थानिक वेळेनुसार मध्यरात्रीनंतर ३३ मिनिटांनी झाले. गणती अखेरच्या अर्ध्या मिनिटात थांबली होती आणि २ तास ४० मिनिटांचा विलंब झाला. तेवढ्या वेळात समुद्रकाठच्या लेन्सवर दव धरते. डिसेंबरातल्या कोरोमंडल किनाऱ्यावरही हेच होते, म्हणून लेन्सभोवती गरम पट्टी असावी, वातानुकूलित गाडीतून कॅमेरा तासभर आधी बाहेर काढावा आणि फोकस ताऱ्यावर किंवा दूरच्या दिव्यावर हाताने मिळवून रिंगेला चिकटपट्टी लावावी. दीर्घ एक्स्पोजरमधला नॉइज कमी करण्याची कॅमेऱ्यातली सोय बंद ठेवावी. नाहीतर चार मिनिटांच्या फ्रेमनंतर कॅमेरा आणखी चार मिनिटे अडकून राहतो.

समोर दिवे असतील तर चार मिनिटांत ते पांढरेफटक होतात. यावरचा जुना उपाय अजून चांगला आहे: बिंदू क्षितिजापासून वर सरकला की काळा पुठ्ठा लेन्सच्या पुढे खालच्या अर्ध्या भागावर धरायचा, तो कॅमेऱ्याला टेकू द्यायचा नाही आणि सतत बोटभर वर-खाली हलवत राहायचा, म्हणजे झाकलेल्या आणि उघड्या भागांतली सीमा चित्रात दिसत नाही. पुलिकतला तर कान टवकारूनही उभे राहावे लागते. मंचावरचा गडगडाट तिथे पोचायला सुमारे पावणेदोन मिनिटे लागतात, म्हणजे पहिला टप्पा विझतो न विझतो तोच आवाज येतो. नेमक्या त्या क्षणी आसपासची गर्दी आनंदाने हलू लागते, शटर उघडेच असते आणि वाळूत रोवलेल्या ट्रायपॉडला कोणाचा तरी पाय लागतो. पोलिसांनी कुठवर जाऊ दिले आहे याची चौकशी दिवसाउजेडी करावी आणि ड्रोन घरी ठेवावा.

पहाटेच्या प्रक्षेपणांना हे सगळे लागू पडत नाही. १४ फेब्रुवारी २०२२ रोजी पहाटे ५ वाजून ५९ मिनिटांनी सुटलेल्या पीएसएलव्ही-सी५२सारख्या उड्डाणात जमिनीवर संधिप्रकाश असतो आणि यान वर चढत थेट उन्हात शिरते. सूर्य क्षितिजाखाली ८ अंश असेल तर डोक्यावर साधारण ६० किलोमीटरपासून ऊन असते, आणि विरळ हवेत पंख्यासारखा पसरणारा झोत त्या उन्हात स्वतःच उजळतो. तिथे लांब एक्स्पोजर आकाशालाच जाळते. काही सेकंदांच्या अनेक फ्रेम घेणेच तिथे शहाणपणाचे ठरते.

अनेक फ्रेम एकावर एक रचण्याला, म्हणजे स्टॅकिंगला, या मासिकाचा तत्त्वतः विरोध नाही. उजळलेल्या शहराच्या वरती घेतलेल्या चित्रात ते अपरिहार्यही ठरते. पण दोन फ्रेममधल्या फटी बुजवण्यासाठी रेघ रंगवणे, बारीक भागाला जाड भागाची झळाळी देणे, किंवा वेगळ्या रात्रीच्या आकाशगंगेवर ही रेघ चिकटवणे या तिन्हींत फरक आहे आणि तो वाचकाला सांगितला गेला पाहिजे. पहिल्यात एखाददुसऱ्या सेकंदाची भर असते. दुसऱ्यात घन आणि द्रव इंधनांतला भेद पुसला जातो. तिसऱ्यात ते छायाचित्र राहत नाही, ते चित्र होते, आणि चित्र म्हणून ते देखणेही असू शकते.

मथळ्यातली ढिलाई किती दूर जाते, याचे उदाहरण विदर्भानेच दिले आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, महाराष्ट्राच्या मोठ्या भागावरून जळत गेलेल्या तुकड्यांची दृश्ये उल्कावर्षाव म्हणून तासाभरात सर्वत्र फिरली. नंतर चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी इथे धातूचे मोठे कडे सापडले, आणि ते तुकडे चिनी लाँग मार्च ३बी रॉकेटच्या परत येणाऱ्या टप्प्याचे असल्याचे अभ्यासकांनी ओळखले. ज्या मोजक्या चित्रणांबरोबर जागा आणि वेळ नोंदलेली होती, ती कामाची ठरली.

तेव्हा यापुढे प्रक्षेपणाचे छायाचित्र पाठवताना त्यासोबत उभे राहण्याचे ठिकाण, मंचापासूनचे अंतर, लेन्स, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ, तसेच शटर उड्डाणाच्या किती सेकंद आधी उघडले आणि किती सेकंदांनंतर मिटले याची नोंद असावी, फ्रेम एक की अनेक ते लिहावे आणि मूळ रॉ फाइल जोडावी. रचलेल्या चित्रांवर ‘रचित’ असा शब्द छापला जाईल. एकाच फ्रेममधली रेघ मात्र, तिचा वरचा भाग छपाईत जेमतेम दिसत असला तरी, आहे तशीच आणि शक्यतो पूर्ण पानावर घेतली जाईल.