सहा मिलिग्रॅमचा हिशेब

बँकेत असताना ओव्हरड्राफ्ट मागायला आलेल्या माणसाला मी दोनच गोष्टी विचारत असे : कशासाठी आणि किती दिवसांसाठी? स्टिरॉइडची गोळी घेताना हे आपण विचारत नाही, एवढीच माझी तक्रार.

एप्रिल २०२१ मध्ये माझ्या धाकट्या भावाला कोरोना झाला. प्राणवायूची पातळी ९७, पण मधुमेह बारा वर्षांचा. तरी पहिल्याच दिवशी डेक्सामेथासोन सुरू झाले. ‘इंग्लंडमध्ये सिद्ध झालंय,’ डॉक्टर फोनवर म्हणाले. (त्या दिवसांत त्यांना फोन तरी किती येत असतील!) साखर चारशेवर गेली. ताप उतरला आणि तिसऱ्या आठवड्यात गाल दुखू लागला. म्युकरमायकोसिस. डावा डोळा काढावा लागला. एकट्या गोळीवर खापर फोडता येणार नाही, हे मलाही कळते.

इंग्लंडमध्ये सिद्ध झाले होते, हे खरेच. पण काय? ऑक्सफर्डच्या ‘रिकव्हरी’ चाचणीत २,१०४ रुग्णांना रोज ६ मिलिग्रॅम, फार तर १० दिवस, हे औषध दिले गेले. ४,३२१ जणांना नेहमीचेच उपचार. कोणाला काय, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरले. औषध १९५०च्या दशकातले, अगदी स्वस्त. चाचणी झाली ती सरकारी पैशावर. जून २०२० मध्ये निकाल आला. व्हेंटिलेटरवरच्यांतले मृत्यू २८ दिवसांत ४१.४ टक्के व्हायचे, ते २९.३ वर आले. नुसता प्राणवायू लागणाऱ्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता, त्यांच्यात? औषधाविना १४, औषध घेऊन १७.८. हा शेवटचा फरक योगायोगाचाही असू शकेल, पण फायदा दिसला नाही हे नक्की. खातेवहीतली हीच ओळ आमच्या घरापर्यंत पोचली नाही.

म्हणून स्टिरॉइडलाच शिव्या घालणारे मला पटत नाहीत. आमच्या वहिनींनी धास्तीने दम्याचा पंप फेकून दिला आणि आठवड्यात दवाखाना गाठला. बरेच दिवस चाललेली गोळी एकदम थांबवणेही धोक्याचे. शरीराने स्वतःचे कॉर्टिसॉल बनवणे कमी केलेले असते. डोस उतरवत न्यावा लागतो, तोही डॉक्टरांच्या सल्ल्यानेच.

कायद्याने हे औषध चिठ्ठीशिवाय मिळायला नको. परवा नाक्यावरच्या दुकानात मी मुद्दाम मागून पाहिले. दुकानदाराने मानही वर केली नाही.

‘एक पट्टी की दोन, काका?’