पावले मोजली, श्रम राहिले

शारीरिक हालचाल मोजायची म्हणजे पावले मोजायची, असा समज मनगटी यंत्रांमुळे रूढ झाला आहे. दिवसाला 10,000 पावले हा तर आरोग्याचा नियमच मानला जातो. या आकड्याचा जन्म वैद्यकीय संशोधनातून झालेला नाही. 1965 मध्ये जपानमध्ये एक पाऊलमापक विक्रीस आला. त्याचे नाव ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक. विक्रीसाठी ठेवलेले नाव पुढे सल्ला होऊन बसले.

चालणाऱ्याचे चालणे पाऊलमापक बऱ्यापैकी मोजतो, हे मान्य. पण ऊसतोडीचा फड पाहावा. बाई वाकून कोयता चालवते, वाढे छाटते, मोळी बांधते, ती डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या शिडीवर चढते. मोळीखालचे पाऊल आणि बागेत रिकाम्या हातांनी टाकलेले पाऊल यंत्राच्या लेखी एकच! वाकलेल्या कमरेची तर नोंदच नाही.

मग माणसांनाच विचारावे, असा दुसरा पक्ष आहे. जागतिक आरोग्य संघटनेची प्रश्नावली काम, ये-जा आणि फावला वेळ यांतील हालचाल वेगवेगळी विचारते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या मधुमेह पाहणीत हीच वापरली गेली. महाराष्ट्रासह चार प्रदेशांच्या त्या अभ्यासात, 2014 च्या अहवालानुसार, निम्म्याहून अधिक लोक निष्क्रिय आढळले. प्रश्नावलीवरचा आक्षेप स्मरणाचा आहे आणि तो खरा आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय पाहणीत 2003-04 मध्ये कमरेला त्वरणमापक बांधले, तेव्हा शिफारशीइतकी हालचाल करणारे प्रौढ 5 टक्क्यांहूनही कमी निघाले. तोंडी सांगण्यात मात्र हे प्रमाण कितीतरी जास्त असते. तरीही एवढ्यावरून प्रश्नावली मोडीत काढणे चूक आहे. त्वरणमापकालाही ओझे कळत नाही.

ऊर्जाखर्चाचे सर्वांत विश्वसनीय माप द्विचिन्हित पाण्याचे. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड समस्थानिके असलेले पाणी पाजून एक-दोन आठवडे लघवीचे नमुने तपासतात. दोन्ही समस्थानिके शरीरातून बाहेर पडण्याच्या वेगांतील फरकावरून कार्बन डायऑक्साइड आणि त्यावरून ऊर्जा काढतात. पद्धत महागडी आहे, शिवाय ती एकूण खर्च सांगते. तो कोयत्यावर झाला की मैदानावर, हे सांगत नाही.

तेव्हा श्रमकऱ्यांच्या पाहणीत यंत्र आणि प्रश्नावली दोन्ही हवीत, थोड्या जणांवर द्विचिन्हित पाण्याची पडताळणी हवी आणि कामाच्या रकान्यात ओझ्याचे वजन लिहिलेच पाहिजे.