उचलणे आणि पेलणे

नाशिक, सांगली, सोलापूर या जिल्ह्यांतील फळबागांत छोटा ट्रॅक्टर आला तो प्रामुख्याने फवारणीसाठी. दोन ओळींमधून सुखाने जाईल इतका अरुंद, वळावयास थोडी जागा लागणारा आणि डिझेल बेताने पिणारा हा ट्रॅक्टर बागायतदाराच्या सोयीचा ठरला, यात नवल नाही. पुढे बागेच्या कडेला पॅकहाऊस उभे राहिले. १९९१ साली 'महाग्रेप्स'ची स्थापना होऊन द्राक्षनिर्यातीला संघटित रूप आले, आणि त्याबरोबर शीतगृह, कंटेनर, पॅलेट हे शब्द गावोगाव रुळले. पॅलेट आले म्हणजे ते उचलावयास काही तरी हवे. फोर्कलिफ्ट सर्वांनाच परवडत नाही, आणि साधी फोर्कलिफ्ट खाचखळग्यांच्या कच्च्या अंगणात चालतही नाही. तेव्हा घरच्याच ट्रॅक्टरला पुढे लोडर बसवावा, बकेट काढून त्या जागी दोन काटे लावावेत, हा विचार स्वाभाविक होय. त्यात गैर काही नाही. मात्र या एका जोडणीने यंत्राचा स्वभावच पालटतो. ही गोष्ट विकणारा सहसा सांगत नाही, विकत घेणारा विचारीत नाही, आणि रोजंदारीवर ट्रॅक्टर चालविणाऱ्याला तर ती कळण्याचा मार्गच नसतो. धोका मात्र त्याच्याच जिवाला असतो.

ट्रॅक्टर हे मुळात ओढण्याचे यंत्र आहे. नांगर, ट्रॉली, फवारणीयंत्र ही सारी त्याच्या मागे असतात. त्यामुळे वजनाचा मोठा भाग मागच्या चाकांवर राहील अशीच त्याची रचना असते. लोडर ओझे पुढे घेतो, आणि मग पुढचा आस हा तरफेचा टेकू बनतो. उदाहरणादाखल चालकासह नऊशे किलो वजनाचा ट्रॅक्टर घेऊ. त्यातील पाचशे किलो मागच्या चाकांवर आहेत आणि दोन आसांतील अंतर दीड मीटर आहे. म्हणजे टेकूच्या मागचा जोर साडेसातशे किलो-मीटर झाला. आता पाचशे किलोचे पॅलेट उचलले व त्याचा मध्य पुढच्या आसापासून सव्वा मीटर पुढे आहे. त्याचा जोर सव्वासहाशे. लोडरचे स्वतःचे वजन दोनशे किलो आणि त्याचा मध्य साठ सेंटिमीटर पुढे धरला, तर आणखी एकशे वीस. बेरीज होते ७४५. मागच्या चाकांवर आता जेमतेम तीन-चार किलोंचा भार उरला! ट्रॅक्टर उभा दिसतो, इंजिनाच्या आवाजात फरक नसतो, हायड्रॉलिकचे दांडे संथपणे वर जातात, आणि चालकाला वाटते की ओझे पेलले. वस्तुतः हायड्रॉलिकने ते केवळ उचललेले असते. पेलण्याचे काम ट्रॅक्टरच्या वजनाचे आहे, आणि ते वजन संपलेले आहे. यापुढे एखादा खळगा किंवा ब्रेकवरचा जरासा जोरकस पाय एवढे निमित्तही पुरते.

ब्रेकचा उल्लेख आला म्हणून सांगावयाचे, बहुतेक छोट्या ट्रॅक्टरांचे ब्रेक मागच्या चाकांनाच असतात. मागची चाके जमिनीवर नावालाच टेकलेली असतील तर ब्रेक लागूनही ट्रॅक्टर थांबत नाही. पॅकहाऊसच्या उतारावरून ओझे पुढे धरून खाली येणारा दोन चाकी गतीचा ट्रॅक्टर अशा वेळी अक्षरशः मोकळा सुटतो. चारही चाकांना गती देणारा ट्रॅक्टर असेल आणि ती गती जोडलेली असेल, तर पुढची चाकेही इंजिनाच्या धाकात राहतात. उतारावर ओझे नेहमी चढाच्या बाजूला ठेवावे, म्हणजे चढताना सरळ जावे व उतरताना मागे मागे यावे, हा नियम यातूनच आला.

याहून कमी ठाऊक असलेली गोष्ट पुढच्या आसाची आहे. उंचसखल जमिनीवर चारही चाके टेकावीत म्हणून हा आस मधोमध एका खिळीवर डोलता ठेवलेला असतो. ट्रॅक्टरचा तोल त्यामुळे चार चाकांच्या चौकोनावर नसतो. ती खिळी आणि मागची दोन चाके यांच्या त्रिकोणावर असतो. पुढे ओझे वाढले की सारा भार त्रिकोणाच्या टोकाकडे, म्हणजे जेथे रुंदी शून्य होते तेथे सरकतो. पॅलेट डोक्याइतके उंच धरून वळणारा ट्रॅक्टर तोंडावर पडण्याआधी कुशीवर पडतो, तो यामुळेच. ओझे घोट्याच्या उंचीवर ठेवून चालावे, उचलावयाचे ते जागेवर पोहोचल्यावर आणि चाके सरळ करून, असे जाणकार सांगतात तेव्हा ते या त्रिकोणाचीच आठवण देत असतात.

उपाय अवघड नाही व महागही नाही. मागच्या थ्री पॉइंट लिंकेजवर प्रतिभार टांगावयाचा. वरच्याच उदाहरणात मागच्या आसाच्या पाऊण मीटर मागे तीनशे किलो टांगले, तर मागच्या चाकांवर साडेचारशे किलो येतात आणि पुढच्या आसावरचे दीडशे किलो कमी होतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची आपल्याकडे चाल आहे व ती उपयुक्तही आहे. तथापि त्या पाण्याने पुढच्या आसाचा ताण तसूभरही हलका होत नाही, हे ध्यानात घ्यावयास हवे. छोट्या ट्रॅक्टरचा पुढचा आस हा त्याचा नाजूक अवयव आहे. राहिला खर्चाचा प्रश्न. अर्धा मीटर लांब, रुंद व उंच असा काँक्रीटचा ठोकळा सुमारे तीनशे किलोंचा भरतो. गावचा गवंडी तो सकाळी ओतून देईल. ट्रॅक्टरच्या किमतीपुढे त्याचा हिशेब काढण्याचेही कारण नाही.

आकड्यांच्या बाबतीत मात्र शेतकऱ्याची दिशाभूल होते, असे म्हणणे भाग आहे. लोडरच्या माहितीपत्रकात उचलण्याची जी क्षमता छापलेली असते, ती बहुधा दांड्याच्या टोकाच्या खिळीपाशी मोजलेली असते. पॅलेटचा मध्य त्या खिळीच्या अर्धा मीटर वा त्याहूनही पुढे असतो, आणि काट्यांचे वजन वेगळेच. बकेटच्या ओठावर अडकविण्याचे काटे तर ओझे आणखी पुढे ढकलतात. छापील पाचशे किलोंपैकी हाती किती उरतात, हे ग्राहकाने स्वतःच ताडावे अशी अपेक्षा दिसते! ट्रॅक्टरच्या मागच्या उचलीसाठी असे चालत नाही. तिची चाचणी लिंकेजच्या टोकांपासून ६१० मिलिमीटर मागे भार ठेवूनही घेतली जाते. जो न्याय मागच्या अंगाला, तो पुढच्या अंगाला का नसावा?

आणि म्हणूनच अनेक ठिकाणी खरा शहाणपणा लोडर न वापरण्यात आहे. मागच्या लिंकेजला लावावयाचे पॅलेटचे काटे मिळतात. त्यांनी ओझे गतीच्या व ब्रेकच्या चाकांवर येते. फार उंच उचलता येत नाही आणि पुढची चाके हलकी होऊन वळण सुटण्याचा संभव असतो, म्हणून तेथे वजने पुढे लावावी लागतात. पण अंगणातल्या अंगणात पॅलेट हलविण्यास ही सोय पुष्कळ आहे. ओझे फोडणे हाही मार्ग आहेच. युरियाची गोणी २०१८ पासून पंचेचाळीस किलोंची झाली. तरी वीस गोण्या म्हणजे नऊशे किलो. त्या दोन-तीन खेपांत नेल्याने कोणाची पत जात नाही.

चालकाच्या डोक्यावरील संरक्षक कमानीची कथा आपल्याकडे अधिक खेदजनक आहे. स्वीडनने १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरांवर ती सक्तीची केली. अमेरिकेने मजुरांकडून चालविल्या जाणाऱ्या व ऑक्टोबर १९७६ नंतर बनलेल्या ट्रॅक्टरांसाठी तसा नियम केला. आपल्या द्राक्षबागेत मंडपाच्या तारांखालून जाताना कमान आडवी येते, ही अडचण खरी आहे. त्यासाठी दुमडती कमान असते. परंतु बागेत दुमडलेली कमान अंगणात आल्यावर कोणी उभी करीत नाही. कमान उभी असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे आणि दुमडलेली असेल तर तो बांधता कामा नये, एवढे तरी प्रत्येक चालकाला कोणी सांगितले आहे काय?

कारखान्यातील उचलयंत्रावर सुरक्षित भाराचा आकडा ठळक लिहावा व वर्षातून एकदा त्याची तपासणी व्हावी, असे बंधन १९४८ च्या कारखाने कायद्याने घातले. तेच ओझे शेताच्या बांधावर उचलले की आकडाही नाही आणि तपासणीही नाही. शेतीतील यंत्रांकडे संसदेचे लक्षच गेले नाही असेही नाही. मळणीयंत्रात मजुरांचे हात जाऊ लागले तेव्हा १९८३ साली धोकादायक यंत्रांविषयीचा कायदा झाला, आणि अन्य यंत्रे अधिसूचनेने त्याच्या कक्षेत आणण्याची वाटही त्यात ठेवण्यात आली. लोडरच्या बाबतीत इतके दूर जाण्याची कदाचित गरज पडणार नाही. यांत्रिकीकरणासाठी सरकार अनुदान देते. ज्या छोट्या ट्रॅक्टरला लोडर बसवावयाचा, त्याच्या अनुदानाच्या कागदांत प्रतिभार, पट्ट्यासह कमान आणि काट्यांच्या मध्यावर मोजलेली क्षमता या तीन बाबी अनिवार्य कराव्यात. मध्य प्रदेशातील बुदनीची केंद्रीय संस्था ट्रॅक्टरांच्या चाचण्या आणि चालकांचे प्रशिक्षण ही दोन्ही कामे वर्षानुवर्षे करीत आली आहे. लोडरच्या तोलाची चाचणी तिच्याकडे सोपविता येईल. राज्यातील कृषी विद्यापीठांनी व कृषी विज्ञान केंद्रांनी ट्रॅक्टरच्या मालकांपेक्षा चालकांना आधी बोलवावे आणि द्राक्षांची काढणी जोरात सुरू होण्यापूर्वी, डिसेंबरअखेर, एक-एक दिवसाचे वर्ग घ्यावेत. तेथे भाषण करू नये. काँक्रीटचा ठोकळा लावून आणि काढून तेच पॅलेट जमिनीपासून वीतभर उचलून दाखवावे, आणि मागच्या चाकाखाली काय होते ते त्यांना पाहू द्यावे.